जयंती कामावरची, पंगत सगळ्यांची



मार्च संपत आला की आमच्याकडे दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "यंदा आमच्या कंपनीत जयंती करायची आहे. साहेबांनी होकार दिला आहे. पण कार्यक्रम कसा आखावा?" विचारणारे बहुतेक तरुण असतात. कोणी एमआयडीसीत ऑपरेटर आहे, कोणी डेपोत मेकॅनिक, कोणी इस्पितळात वॉर्डबॉय, तर कोणी कचेरीत शिपाई. वस्तीतली जयंती त्यांना लहानपणापासून पाठ असते. पंचशील ध्वज कुठे लावायचा, मिरवणूक कुठून वळवायची, खिरीला दूध किती लागेल, हे त्यांना विचारावे लागत नाही. कामावरच्या जयंतीचे मात्र त्यांना दडपण येते.

ते येणे बरोबरच आहे. वस्तीत जागा आपली, वेळ आपली आणि माणसेही आपली. कामावर जागा मालकाची, वेळ घड्याळाची आणि माणसे सगळ्या जातीधर्मांची. वस्तीत रुसवाफुगवा झाला तर चार दिवसांत मिटतो. कामावर कोणाचे मन दुखावले तर वर्षभर त्याच माणसाच्या शेजारच्या यंत्रावर उभे राहायचे असते. म्हणून या वेळी या सदरात कामावरच्या जयंतीविषयी चार अनुभवाच्या गोष्टी लिहीत आहोत. त्यात आमची एक चूकही सांगणार आहोत, कारण ती लपवून बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

आमची चूक

आम्ही नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या कारखान्यात पहिलीच जयंती होती. महिनाभर आम्ही राबलो. बाबासाहेबांची मोठी तसबीर आणली, कापडी फलक रंगवून घेतला, दीडशे खुर्च्या भाड्याने आणल्या. पुढच्या रांगेत साहेब लोकांसाठी सोफा मांडला. वक्ते म्हणून एक प्राध्यापक बोलावले. ते सव्वा तास बोलले. मग जेवण झाले, फोटो झाले, सगळ्यांनी आमची पाठ थोपटली. आम्ही तरंगतच घरी गेलो.

घरी आमच्या सौ.ना सगळे रंगवून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वाढलं कोणी?"

"कॅन्टीनच्या पोरांनी."

"आणि भांडी?"

"भांडी कंत्राटदाराच्या सफाईच्या बायकांनी घासली."

"मग त्या जेवल्या कधी?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सफाईच्या एका मावशींना गाठून विचारले. त्या म्हणाल्या, "भात संपला व्हता, दादा. बुंदी व्हती, ती पोरांसाठी पदरात बांधून नेली." भाषण ऐकलेत का, असे विचारले. "ऐकलं की! मोरीपाशी ऐकू येत व्हतं. आमच्या बापाचं नाव निघालं की हात थांबायचा, मंग पुन्हा घासायला लागायचो." त्या पाच जणींपैकी तिघी आपल्याच समाजाच्या होत्या. मावशी रागाने बोलल्या नाहीत. नेहमीसारख्या बोलल्या आणि झाडू घेऊन पुढे गेल्या. आम्ही मात्र त्या दिवशी कोणाकडे मान वर करून पाहू शकलो नाही.

याची लाज अधिक वाटली, कारण बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हाला चांगले ठाऊक होते. आमच्या खात्यात दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या पाळणारा माणूस अशा पूजेत हात जोडून उभा राहू शकत नाही. आम्ही दोघे-चौघे तेवढा वेळ दाराशी थांबायचो. पेढे वाटणारा आमच्यापाशी येऊन अडखळायचा, "तुम्ही घेता ना?" म्हणून विचारायचा. तो वाईट माणूस नव्हता. पण सगळे खाते एका बाजूला आणि आपण दाराशी, हे वर्षातून एकदा तरी अंगाला बोचायचेच. आणि आम्ही स्वतः जयंती केली तेव्हा काय केले? दुसऱ्यांना मोरीपाशी उभे केले.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. कामावरचा कोणताही आनंदाचा कार्यक्रम आखताना पुढच्या रांगेत कोण बसणार, हे शेवटी ठरवावे. बाहेर कोण राहणार, हे आधी शोधावे. बाकी सगळे नियोजन या एका गोष्टीतून आपोआप सुचत जाते.

यादी खालून सुरू करा

बहुतेक ठिकाणी पाहुण्यांची यादी वरून सुरू होते. आधी मॅनेजर, मग अधिकारी, मग युनियनचे पुढारी. हजेरीपत्रकावरचे कामगार येईपर्यंत कागद संपतो. कंत्राटी माणसे तर कंपनीच्या हजेरीपत्रकावर नसतातच, म्हणून ती यादीतही येत नाहीत.

तुम्ही यादी उलटी करा. गेटवरच्या वॉचमनपासून सुरुवात करा. मग सफाईची माणसे, बागकाम करणारे, कॅन्टीनची पोरे, माल चढवणारे-उतरवणारे हमाल, कंत्राटी हेल्पर, शिकाऊ उमेदवार. त्यानंतर कायम कामगार, त्यानंतर कचेरीतले लोक, आणि सगळ्यात शेवटी साहेब. "सफाईवाल्या ५" असे लिहू नका. प्रत्येकीचे नाव विचारून लिहा. आम्ही दुसऱ्या वर्षी तसे केले, तेव्हा कळले की सहा वर्षे आमचे खाते झाडणाऱ्या मावशींचे नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

या माणसांना नुसते "या" म्हणून भागत नाही. कंत्राटी माणूस काम सोडून आला तर सुपरवायझर खाडा लावतो. म्हणून कंपनीला परवानगीचा अर्ज द्याल त्यातच लिहा, की कार्यक्रमाच्या तासाभरात कंत्राटी कामगारांनाही मोकळे सोडावे आणि त्यांचा पगार कापू नये. त्याची प्रत कंत्राटदाराला द्या आणि पोहोच घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

समिती, परवानगी आणि वर्गणी

समिती सात जणांची पुरे. त्यात दोन स्त्रिया हव्यात, एक कंत्राटी कामगार हवा आणि एक जण रात्रपाळीचा हवा. एक-दोन जण आपल्या समाजाबाहेरचेही आवर्जून घ्यावेत. जयंती फक्त बौद्ध कामगारांनी करायची आणि बाकीच्यांनी पाहुणे म्हणून यायचे, ही रीत आम्हाला पसंत नाही. बाबासाहेबांनी कामगारांसाठी जे मिळवले, ते त्यांनी जात विचारून वाटले नव्हते.

परवानगीचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा. तारीख, वेळ, जागा, अंदाजे माणसे, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची नावे आणि गाड्यांचे क्रमांक हे सगळे त्यात असावे, म्हणजे ऐनवेळी गेटवर अडवणूक होत नाही. १४ एप्रिलला सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवशी माणसाला आपल्या वस्तीतही असायचे असते. म्हणून कामावरचा कार्यक्रम त्याच्या आगेमागे ठेवावा. ११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. त्यामुळे ११ ते १४ च्या दरम्यान कामाच्या दिवशी संयुक्त जयंती घेणे सोयीचे पडते.

वर्गणीवरून जेवढी कटुता येते तेवढी कशावरूनच येत नाही. ती ऐच्छिक ठेवा. पगारातून परस्पर कापून घेऊ नका. कोणी किती दिले याची यादी भिंतीवर लावू नका, कारण पन्नास रुपये देणारा माणूस त्या यादीपुढून खाली मान घालून जातो. कंत्राटी माणसांकडून मागू नका. त्यांनी आपणहून दहा रुपये पुढे केले तर मात्र मानाने घ्या आणि पावती द्या. हल्ली वर्गणी मोबाईलवरून येते. तरीही पावती द्यावीच. जमा-खर्च मात्र पैशापैशाचा नोटीस बोर्डावर लागलाच पाहिजे, आणि तोही आठ दिवसांच्या आत. हिशेब चोख असला की पुढच्या वर्षी वर्गणी मागावी लागत नाही.

वेळ कोणाची?

कामावरचा कार्यक्रम फसतो तो बहुधा वेळेमुळे. संध्याकाळी सहाला ठेवला तर स्त्रिया थांबू शकत नाहीत. त्यांची लोकल असते, पाणी भरायचे असते, पोर पाळणाघरातून आणायचे असते. मग त्यांच्या नावाने "बायकांना आवडच नाही" असा शेरा मारला जातो. पाळ्या असतील तर दोन पाळ्यांच्या सांध्यावर कार्यक्रम ठेवा. पहिली पाळी सुटण्याआधी अर्धा तास आणि दुसरी लागल्यावर अर्धा तास अशी सवलत कंपनीकडून मागा. रात्रपाळीवाल्यांना झोपमोड करून या म्हणणे बरे नव्हे. त्यांच्यासाठी रात्रीच्या चहाच्या वेळी पंधरा मिनिटांचे अभिवादन ठेवा आणि अल्पोपाहार बाजूला काढून ठेवा. चिवडा आणि बुंदी रात्रीपर्यंत चांगली राहते.

आपल्या मुस्लिम सहकाऱ्यांच्या रोज्याचे दिवसही पाहा. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी १४ एप्रिल रमजानच्या महिन्यातच आला होता. अशा वेळी त्यांच्या वाट्याचा डबा भरून त्यावर नाव घालून संध्याकाळी त्यांच्या हाती द्यावा. "तुमचा उपास आहे ना" म्हणून त्यांना यादीतूनच गाळू नये.

कार्यक्रम एक तासाचा

तासाभरात सगळे नीट बसते. आमचा क्रम असा असतो. सुरुवातीला दोन्ही महामानवांच्या प्रतिमांना पुष्पहार. ज्यांना त्रिसरण-पंचशील घ्यायचे आहे त्यांनी दहा मिनिटे आधी जमावे आणि शांतपणे घ्यावे. मुख्य कार्यक्रमात सगळ्यांनी उभे राहून संविधानाची उद्देशिका वाचावी. यावर आमच्यातल्या काहींनी आक्षेप घेतला होता, की आपल्या जयंतीत वंदना आधी उरकायची म्हणजे काय? आमचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या पूजेत आपल्याला बळेच उभे केले तर ते आपल्याला चालत नाही. मग आपणही कोणाला बळेच उभे करू नये. उद्देशिका मात्र वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचीच आहे. ती एखाद्या नेहमीच्या वक्त्याकडून न वाचवता शिकाऊ मुलीकडून किंवा हेल्परकडून वाचवून घ्या. आधी दोन दिवस सराव करू द्या, म्हणजे अडखळायला होत नाही.

प्रतिमेपुढे मेणबत्ती लावताना जागा पाहा. तेलाचे पिंप, रंगाचे डबे, गॅसचे सिलिंडर, कापसाच्या चिंध्या जवळ असतील तर मेणबत्ती आणि अगरबत्ती दोन्ही टाळा. फुले पुरेशी आहेत. कार्यक्रम यंत्रांच्या मध्ये न घेता कॅन्टीनमध्ये किंवा मोकळ्या जागी घ्या. डीजे नको. आणि मद्याचे तर नावही नको. पाचवे शील आपण घेतले आहे आणि कामावरून सुटलेल्या माणसाला पुढे रस्ता ओलांडून घरी जायचे असते.

भाषण एकच आणि वीस मिनिटांचे. वक्त्याला विषय आधी सांगा: बाबासाहेब आणि कामगार. बाबासाहेबांनी संविधान लिहिले हे सर्वांनी ऐकलेले असते. पण आपण आज जी रजा घेतो, जे तास भरतो, त्यांच्याशी त्यांचा काय संबंध, हे कामगारालाच माहीत नसते. आम्ही भाषणानंतर एक प्रश्नमंजुषा घेतो. भाषणापेक्षा तिलाच जास्त रंगत येते. खात्याखात्यांचे गट करतो आणि बक्षीस म्हणून वही-पेन किंवा स्टीलचा पेला देतो. आमच्या प्रश्नांपैकी काही उत्तरांसह देत आहोत. खुशाल वापरा.

रविवारची सुटी गिरणी कामगारांना कोणामुळे मिळाली? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्याने १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुटी सुरू झाली.

मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात जास्त पगार असूनही अस्पृश्य कामगारांना तिथे का घेत नसत? कारण नवी कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढून धोट्यातून बाहेर काढावा लागे आणि सवर्ण विणकर त्याचा विटाळ मानत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याला मुंबई विधिमंडळात पाठिंबा देताना बाबासाहेब कोणत्या साली बोलले? १९२८ साली. मुंबई प्रांताचा तो कायदा १९२९ साली झाला.

बाबासाहेबांनी कामगारांच्या हितासाठी स्वतंत्र मजूर पक्ष कधी काढला? १९३६ साली.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते कोणाकडे होते? बाबासाहेबांकडे. त्या काळात, १९४५ साली, बारमाही कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराला १० दिवसांची पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली. आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले.

हा शेवटचा प्रश्न घेतला, तेव्हा आमच्या खात्यातला एक फिटर उठून म्हणाला, "म्हणजे दिवाळीत मी आठ दिवस गावाला जातो, ती रजा यांनी दिली?" तो काही आपल्या समाजाचा नव्हता. पुढच्या वर्षी समितीत काम करायला तो आपणहून आला.

मंजुषा झाली की गाणी. बाहेरचा गायक आणण्याआधी आपल्याच माणसांत शोधा. प्रत्येक कारखान्यात एक तरी ढोलकी वाजवणारा असतो आणि एक तरी गळा असतो. भीमगीते तर व्हावीतच. पण एखाद्याला पोवाडा म्हणायचा असेल, कोणाला आपल्या गावाकडचे गाणे म्हणायचे असेल, तर त्यालाही पाच मिनिटे द्यावीत.

वाढणारे हात कोणाचे?

आता जेवणाकडे येऊ. कारण कामावरच्या कार्यक्रमाचा खरा कस तिथेच लागतो.

जेवण शाकाहारी आणि साधे ठेवा, म्हणजे कोणालाही निमित्त सांगून उठावे लागत नाही. ठोकळ हिशेब असा. १०० माणसांच्या मसालेभाताला ८ ते १० किलो तांदूळ, पुऱ्यांना १० किलो कणीक, उसळीला ५ किलो कोरडी मटकी, बुंदी ५ ते ६ किलो आणि मठ्ठा २० लिटर. मटकी दोन दिवस आधी भिजत घालावी लागते, हे विसरू नका. एप्रिलच्या उन्हात पाणी माणशी दोन लिटर धरा. त्यात पिणे आणि हात धुणे दोन्ही आले. एवढा खर्च झेपत नसेल तर चिवडा, बुंदी आणि चहा पुरे. १०० कप चहाला ५ लिटर दूध, तेवढेच पाणी आणि १ किलो साखर लागते. कमी पदार्थ असले तरी चालतील, पण ते शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजेत. यादीतल्या आकड्यापेक्षा दहा ताटे जास्त धरा आणि सफाईच्या व कॅन्टीनच्या माणसांची ताटे सगळ्यात आधी मोजून घ्या.

वाढायचे कोणी? याचे उत्तर देताना आम्ही नेहमी मनमाडची आठवण सांगतो. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथेच सांगितले. त्याच भाषणात त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला साधे पोर्टरचे कामही मिळत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, आणि अस्पृश्याच्या हातचे घरात कसे चालणार?

बंधूंनो, विचार करा. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याला एका घोटासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. आज परिस्थिती बदलली. आता आपल्या माणसांच्या हातचे चालते, आणि चालते म्हणूनच दर समारंभात वाढायला, उष्टी काढायला, भांडी घासायला तेच हात पुढे केले जातात. पूर्वी हात लावू दिला जात नव्हता, आता हात धुऊ दिले जात नाहीत. दोन्हींत माणूस पंगतीबाहेरच राहतो. आणि हे आपल्याच बापाच्या जयंतीत आपण करावे?

म्हणून आमच्याकडे दुसऱ्या वर्षापासून असे ठरले. पहिल्या पंगतीला सफाईची, कॅन्टीनची, गेटवरची आणि हमालीची माणसे बसतील. त्यांना समितीचे लोक आणि अधिकारी वाढतील. कंपनीच्या साहेबांना हे आधी जाऊन सांगा. ऐनवेळी हातात बादली देऊन त्यांची फजिती करू नका. सांगितले तर बरेचसे तयार होतात. भांडी ज्याने त्याने आपापली विसळायची आणि मोठी पातेली घासायला समितीतल्या चार पुरुषांनी थांबायचे. हे काम पुरुषांनीच करायचे, असे आम्ही मुद्दाम ठरवले. कारण समितीतल्या दोन्ही भगिनींकडे सगळ्यांची नजर आपोआप वळली होती.

घरच्या माणसांना विसरू नका

कामावरची जयंती घरच्यांना दिसत नाही. जमले तर कंपनीची परवानगी काढून मुलांना आणा. चित्रकलेची किंवा वक्तृत्वाची छोटी स्पर्धा ठेवा. आपला बाप किंवा आई कुठे काम करते, ते मुलाने एकदा तरी पाहावे. नाही जमले, तर मुलांनी घरी काढलेली चित्रे कॅन्टीनच्या भिंतीवर लावा. निवृत्त झालेल्या कामगारांना मात्र नक्की बोलवा. ज्या गेटातून तीस वर्षे आत गेलो, तिथे आता पास मागतात, याचे त्यांना फार वाटते. दोन जण पाठवून त्यांना गेटवरून सन्मानाने आत आणा.

दुसऱ्या वर्षी काय झाले?

सगळे गोड झाले असे सांगणार नाही. एक अधिकारी कामाचे निमित्त काढून आलेच नाहीत. स्टोअरमधले दोघे "पोट बिघडलंय" म्हणून ताटाला शिवले नाहीत. त्यांचे पोट दरवर्षी याच दिवशी का बिघडते, ते आम्ही विचारत बसलो नाही. आमंत्रण मात्र दरवर्षी दिले. सफाईच्या पाच जणींपैकी दोघी साहेबांसमोर बसायला संकोचल्या, भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांना ओढून बसवले नाही. त्यांच्याच जोडीला आमच्या समितीतल्या भगिनी जाऊन बसल्या, तेव्हा त्याही खाली टेकल्या.

मावशी मात्र पहिल्या पंगतीत पहिल्याच ताटावर बसल्या. आमचे प्रॉडक्शनचे साहेब उसळ वाढायला आले. मावशींनी एक घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायेब, मीठ कमी झालंया." साहेब हसले आणि मीठ आणायला धावले. आम्हाला त्या दिवशी प्राध्यापकांच्या सव्वा तासाच्या भाषणापेक्षा ते वाक्य मोठे वाटले. वर्षभर खाली मान घालून फरशी पुसणाऱ्या बाईने यजमानाला मीठ मागितले. पाहुण्याचा हक्क तो हाच.

तेव्हा तरुण मित्रांनो, तुमच्या कारखान्यात, डेपोत, इस्पितळात जयंती जरूर करा. झेंडा लहान असला तरी चालेल, फलक हाताने रंगवलेला असला तरी चालेल. कार्यक्रम संपल्यावर फोटो काढण्याआधी एकदा मोरीपाशी, गेटपाशी आणि जिन्याखाली जाऊन या. तिथे कोणी उपाशी उभे नसेल, तर जयंती चांगली झाली असे समजा. आणि घरी गेल्यावर कोणी विचारले, "वाढलं कोणी? जेवलं कोण?" तर तुम्हाला आमच्यासारखे गप्प बसावे लागू नये, एवढीच आमची इच्छा.

जयभीम!